गिऱ्हाइकाचें ‘नको’

नागपुराहून हिंगण्याकडे येणारी मेट्रो २०२० सालापासून लोकमान्यनगरपर्यंत येते. तेथें उतरलें कीं औद्योगिक वसाहतीचीं धुराडीं व पत्र्याचीं छपरें दिसूं लागतात, ट्रॅक्टरांचा मोठा कारखाना लागतो, आणि त्यापुढें थोडक्याच वेळांत रस्त्याच्या दोहों बाजूंस पऱ्हाटी उभी असते. आमच्या वर्गांतील निम्म्या मुलांचे वडील पाळीवर जातात, निम्म्यांचे वावरांत. कित्येकांचे तर सकाळीं पाळीवर आणि सायंकाळीं वावरांत. अशा गांवच्या मुलास यंत्रहि कळतें आणि मातीहि कळते, असें आम्ही मोठ्या समाधानानें समजत होतों. या वर्षीं जें घडलें त्यामुळें त्या समजुतीचा, आणि त्याबरोबर आमच्या स्वतःच्या शिक्षकपणाचा, फेरविचार करणें आम्हांस भाग पडलें.

गेल्या जानेवारींत शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत नववीच्या एका विद्यार्थ्यानें कापूस टोबण्याचें चाक मांडलें होतें. जुन्या सायकलीचें चाक, त्यास पत्र्याची पेटी, पेटींत सरकी; चाक ढकलीत नेलें कीं ठराविक अंतरावर एकेक दाणा खालीं पडावा अशी योजना. शाळेच्या मुरमाच्या मैदानावर त्यानें तें चालवून दाखविलें तेव्हां टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक तिघे होते. त्यांत आम्ही एक. पहिलें बक्षीस एकमतानें त्यास देण्यांत आलें. ‘यांतूनच उद्यांचा स्टार्टअप निघेल,’ असे उद्गार प्रमुख पाहुण्यांनीं काढले, आणि ते मुलाच्या वडिलांनीं पहिल्या रांगेंत बसून ऐकले.

वडील वसाहतींतील एका लहानशा कारखान्यांत फिटर आहेत. पाळी संपल्यावर रात्रीं खपून त्यांनीं उन्हाळ्यांत तशीं पंचवीस चाकें तयार केलीं. त्यासाठीं आईनें बचत गटांतून चाळीस हजार रुपये काढले. मृग लागला, पाऊस पडला, टोबणी सुरू झाली. पंचवीसांपैकीं चार चाकें गेलीं, तींहि उधारीवर. आणि आठवडा उलटण्यापूर्वीं चारहि परत आलीं. आमच्याकडील काळी माती ओली झाली म्हणजे चाकास अशी चिकटते कीं दहा पावलांत त्याचा लाडू व्हावा. दाणे पडावयाचीं भोकें लिंपून गेलीं. जेथें लिंपलीं नाहींत तेथें एकाच्या ठिकाणीं तीन दाणे पडले. कपाशीच्या बियाण्याचें सुमारें पावणेपांचशे ग्रॅमचें पाकीट आज आठशे रुपयांच्या वर पडतें. तें असें उधळलेलें कोणत्या कुणब्यास पाहवेल? मैदानावर यांपैकीं कांहींच घडलें नव्हतें, कारण मुरमांत कोणी कापूस लावीत नाहीं. तें मैदान निवडणारे आम्हीच होतों.

शाळा उघडली. मुलगा दहावींत आला, मागच्या बाकावर बसूं लागला, आणि पूर्वीं तासांत चार वेळां हात वर करणारा हा मुलगा आमच्याकडे पाहीनासा झाला. प्रमाणपत्र त्याच्या नांवावर होतें. कर्ज आईच्या नांवावर.

शिक्षकांच्या खोलींत ही गोष्ट निघाली तेव्हां एक सहकारी म्हणाले, “शेतकऱ्यास नवें नकोच असतें. तो आपली जुनी रीत सोडीत नाहीं.” हें वाक्य नवीन नव्हे. त्यास शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्रांतील एका थोर कारखान्याच्या इतिहासाशीं गुंतलेला आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवीं आले व भावाबरोबर सायकलींचें दुकान चालवूं लागले. पुढें शेतीचीं अवजारें करावीं असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि १९०३ च्या सुमारास त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडानें जमीन विषारी होते, तिचा कस जातो, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांच्या साहाय्यानें कुंडल रोड स्टेशनाजवळील माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि ज्या नांगरास कोणी हात लावीत नव्हतें तोच पुढें महाराष्ट्रभर गेला. ही कथा आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकविली आहे. शिकविली ती कारखानदाराच्या चिकाटीची म्हणून, आणि शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून. चिकाटी खरीच होती. पण हीच कथा बांधावर उभें राहून वाचावी असें आम्हांस इतक्या वर्षांत कधीं सुचलें नाहीं.

त्या काळच्या शेतकऱ्यापुढें काय होतें तें पाहा. लांकडी नांगर गांवचा सुतार बाभळीच्या लांकडाचा करून देई. त्याचें मोल बलुत्यांत, म्हणजे सुगीस धान्यानें, फिटे. नांगर मोडला तर सुतार चार घरांपलीकडे. तो इतका हलका कीं वावरांतून परततांना खांद्यावर टाकावा. उलट लोखंडी नांगरास रोख पैसा पाहिजे. तो खोल जातो, म्हणून ओढण्यास जड. भारी जमिनींत एक बैलजोडी पुरत नाहीं, शेजाऱ्याचे बैल मागावे लागतात, आणि मागितलेले बैल म्हणजे पुढें फेडावयाचे उपकार. भाग मोडला तर तो गांवांत मिळत नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी कीं शेतकऱ्यास वर्षांत पीक एकदांच येतें. प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर पडून राहील. शेतकऱ्याचें सबंध वर्ष पडून राहील. ‘लोखंडानें जमीन विषारी होते’ हें विधान रसायनशास्त्र म्हणून चुकीचें आहे, यांत शंका नाहीं. परंतु ‘हा धोका मीं एकट्यानें कां पत्करावा ?’ हा जो रास्त प्रश्न, तोच त्या विधानाच्या पांघरुणांत बोलत असावा, असें आम्हांस वाटतें. धोक्याची गोष्ट उघड बोलणें माणसास कमीपणाचें वाटतें. समजूत पुढें करणें सोपें जातें.

मग नांगर गेला कसा ? लांकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर ती उलटी करतो. त्यामुळें हरळीसारखें चिवट तण मुळासकट वर येतें. ज्याच्या वावरांत हरळी माजली होती त्यास हा फरक डोळ्यांनीं दिसण्याजोगा होता. त्याला नांगर नको होता. त्याला हरळी नको होती. हा भेद वरवर शब्दांचा वाटतो, पण सारा व्यापार त्यावर उभा आहे. लक्ष्मणरावांचा दुसरा शहाणपणा आमच्या पाठांतून नेहमीं गळतो. त्यांनीं सर्वस्व एका नांगरावर लावलें नव्हतें. कडबा कापण्याचें यंत्रहि ते करीत होते, ज्याचा उपयोग कोणासहि पाहतांक्षणीं कळावा. सायकलींचें दुकान तर होतेंच. दोन वर्षें थांबण्याची सोय ज्यानें करून ठेविली त्यालाच दोन वर्षें थांबतां येतें. पुढें १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक त्या कारखान्यानें काढलें, तेंहि मूळ आपल्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोंचविण्याकरितां.

गिऱ्हाइकाची भीति मनावर घेतली म्हणजे वस्तूचें काय होतें याचें जवळचें उदाहरण पाहिजे असल्यास नागपुरांत किराणा दुकान चालवून पुढें मुंबईस गेलेल्या केशव विष्णु पेंढरकर यांचें घ्यावें. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नांवाच्या आद्याक्षरांवरून झालेलें ‘विको’. १९५२ सालीं दंतमंजनानें आरंभ झाला आणि तें मंजन प्रथम दारोदार फिरून विकलें गेलें. दारोदार फिरणाऱ्यास पैसे थोडे मिळतात, पण नकाराचीं कारणें फुकट ऐकावयास मिळतात. त्याच घराण्यानें १९७५ सालीं हळदीचें मलम काढलें तेव्हां लोकांस पहिली शंका काय आली असेल, तें कोणतीहि गृहिणी सांगेल: तोंड पिवळें होईल. मलम लावल्यावर डाग राहत नाहीं, ही गोष्ट जाहिरातीपूर्वीं वस्तूंत सिद्ध असावी लागली. अशा शंकेस जो हंसतो त्याचें दुकान लवकर बंद होतें.

आतां आमच्या परीक्षणपत्रिकेकडे वळतों. तींत कल्पकतेस गुण होते, मांडणीस होते, तक्त्यांवरील सुवाच्य अक्षरास होते, निवेदनांतील आत्मविश्वासासहि होते. ‘ही वस्तु कोणी वापरून पाहिली काय ?’ हा रकाना नव्हता. लाजेची गोष्ट ही कीं असा रकाना कसा असावा याचा उत्तम नमुना आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत, वर्ध्याच्या मगन संग्रहालयांत चरख्यांच्या सहवासांत आठवावा असा आहे. आम्ही मुलांची सहल तेथें दोनदां नेली आहे, आणि दोन्ही वेळां आमचें लक्ष डब्यांकडे व मोजदादीकडे होतें.

१९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्या काळचे एक लाख ! पण रकमेपेक्षां अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें व इकडून तिकडे नेतां येण्याजोगें असावें; खेड्यांतील झोंपडींत हातानें किंवा पायानें चालावें; एखाद्या स्त्रीस विशेष श्रम न होतां आठ तास त्यावर काम करतां यावें; आठ तासांत ठरलेल्या लांबीचें सूत निघावें; किंमत १५० रुपयांवर नसावी; आणि नीट निगा राखल्यास तें वीस वर्षें टिकावें. या अटींत यंत्राच्या आकाराविषयीं जवळजवळ अक्षर नाहीं. जी बाई तें चालविणार तिचा दम, तिची झोंपडी व तिची ऐपत, यांचेंच वर्णन आहे. शोधकाची बुद्धि कोठें चालावी याची मोकळीक आहे. ती कोणासाठीं चालावी याची नाहीं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतूनहि एक यंत्र या परीक्षेस उतरलें होतें. बक्षीस अखेर कोणासच मिळालें नाहीं. काय हवें तें कळलें म्हणजे तें करतां येतेंच असें नव्हे, हें येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु काय हवें तें न कळतां केलेल्या वस्तूस पहिलें बक्षीस देणारे आम्ही, त्या परीक्षकांच्या पायाशीं बसून चार धडे घेण्याच्या योग्यतेचे होतों.

जुलैच्या अखेरीस एका रविवारीं दुपारीं आम्ही त्या मुलास घेऊन गांवाबाहेरील एका वावरांत गेलों. कपाशी महिन्याची झाली होती आणि सात-आठ बाया ओळींतून खत देत होत्या. मुलास आम्हीं एकच अट घातली होती: चाकाची बाजू मांडावयाची नाहीं, फक्त पाहावयाचें आणि विचारावयाचें. अर्धा तास तो गप्प उभा होता. मग एका वयस्क बाईनें स्वतःच त्यास ओळखलें. “तूच ना रे बाबू तो चाकवाला ?” ती हंसून म्हणाली. “चाक गोड होतं तुयं. पन टोबनं आमचं दोन दिसाचं. आनि मुठीतला दाना आमाले मोजाले लागत नाई, बोटाले कळते तो. हे खत पाय. एकेका झाडापाशी वाकाचं, टाकाचं, उठाचं. येका सालात दोनदा, कधी तीनदा. रात्री कंबर धरून बसतो आमी.”

तिनें कांहीं शोध लावा म्हणून सांगितलें नाहीं. ती पुन्हा वाकली व ओळीनें पुढें गेली. आमच्या विद्यार्थ्यानें मात्र आम्हांस न विचारतां वहींत लिहून घेतलें कीं एका ओळीच्या शेवटापर्यंत ती किती वेळां वाकते.

पुढच्या आठवड्यांत त्यानें नळाच्या पांढऱ्या पाईपचा कमरेइतका तुकडा घेतला, खालचें टोंक तिरपें कापलें, वर प्लॅस्टिकच्या बाटलीचें नरसाळें बसविलें. उभ्यानें चिमूटभर खत वर टाकावें, तें झाडाच्या बुडाशीं पडावें, इतकेंच. बक्षीस मिळण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. तो पाईप त्या बाईस आठ दिवस वापरावयास दिला. तिनें तो परत आणून दिला आणि सांगितलें कीं ढगाळ हवेंत युरिया ओलावतो व नरसाळ्याच्या मानेशीं अडकून बसतो. शिवाय एका हातांत टोपलें आणि दुसऱ्यांत पाईप, तर खत टाकावें कोणत्या हातानें? मुलानें पाईप रुंद केला, आणि टोपल्याऐवजीं खांद्यास अडकविण्याची पिशवी आईकडून शिवून घेतली. पुन्हा आठ दिवस. खताच्या दुसऱ्या पाळीस, पोळ्याच्या आसपास, तिसरा पाईप तयार झाला. तो त्या बाईनें परत आणला नाहीं. तिच्या जावेनें साठ रुपये देऊन दुसरा मागितला.

त्या साठ रुपयांविषयीं पालकांशीं दोन शब्द बोलावेसे वाटतात. आपल्या समाजांत समोरच्याचें मन दुखवावयाचें नाहीं अशी रीत आहे, आणि ती चांगली आहे. पण धंदा करूं पाहणाऱ्या मुलास तिच्याइतकें फसविणारें दुसरें कांहीं नाहीं. ‘छान आहे हो’, ‘सांगतों मग’, ‘सुगी होऊं द्या’, ‘पोळ्यानंतर पाहूं’ — ही सर्व ‘नको’ याचीच सभ्य रूपें आहेत. चाकाविषयीं हीं सर्व वाक्यें उन्हाळ्यांत त्या वडिलांनीं ऐकलीं होतीं आणि प्रत्येकास एक मागणी समजून त्यांनीं वहींत नांव टिपलें होतें; तीं एकवीस नांवें आम्हीं स्वतः पाहिलीं. आत्या-मामांची वाहवा, शिक्षकांचें प्रमाणपत्र, प्रमुख पाहुण्यांचें भाषण, यांपैकीं कशासहि बाजारांत किंमत नाहीं. कमरेची पिशवी सोडून कोणी साठ रुपये काढले, किंवा आपल्या दिवसाचा एक तास तुमच्या वस्तूवर खर्च केला, म्हणजे तेथें कांहीं तरी आहे असें समजावें. तोंवर पंचवीस करूं नयेत. एक करावी, आणि तीहि मोडून पुन्हा करण्याच्या तयारीनें.

आमच्या या म्हणण्यावर विज्ञानाच्या एका शिक्षकांनीं आक्षेप घेतला. ते म्हणाले, प्रत्येक मुलास ‘हें घेणार कोण ?’ असें विचारूं लागलों तर त्याचें कुतूहल मरेल. आक्षेप हलका नाहीं. लोहचुंबकाभोवतीं लोखंडाचा कीस कसा रांगा धरतो, तें पाहण्यास गिऱ्हाईक लागत नाहीं, आणि तसें पाहणारीं मुलें आमच्या शाळेंत आहेत त्यापेक्षां दसपट असावींत. परंतु त्या प्रयोगासाठीं कोणाची आई बचत गटाकडे जात नाहीं. जेथें ‘स्टार्टअप’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला जातो तेथें घरांतला पैसा हलूं लागतो, आणि पैसा हलला म्हणजे प्रश्न विचारण्याची जबाबदारी आमची होते. दुसरी बाजूहि मान्य केली पाहिजे. गिऱ्हाईक सांगेल तें सर्व करूं गेल्यास मुलगा वेडा होईल. त्याच वावरांतील एकीनें कापूस वेचण्याचें यंत्र मागितलें, तेंहि हातांत धरण्याएवढें व तिला परवडेल असें. तिची गरज खरी आहे. दहावीच्या मुलाच्या आवांक्यांत ती नाहीं. तें त्यानें तिला सरळ सांगितलें, आणि तिला त्याचा राग आला नाहीं.

चाळीस हजारांचें कर्ज अद्याप फिटलेलें नाहीं. एकवीस चाकें मोडून वडिलांनीं लोखंड विकलें, चार भिंतीशीं टेकलेलीं आहेत. पाईप आजपर्यंत अकरा गेले. त्यांतून बचत गटाचा एक हप्ताहि पुरा होत नाहीं. मुलगा अजून मागच्याच बाकावर बसतो, पण गेल्या आठवड्यांत त्यानें हात वर केला.

येत्या जानेवारीच्या प्रदर्शनासाठीं आम्हीं मुख्याध्यापकांस लेखी सूचना केली आहे. उपयोगाची म्हणून मांडलेली प्रत्येक वस्तु, जिच्यासाठीं ती केली त्या माणसानें आठ दिवस वापरलेली असावी. त्याचें बरेंवाईट मत त्याच्याच शब्दांत तक्त्यावर लिहावें. आणि तिघां परीक्षकांपैकीं एक असा असावा कीं ज्याच्या हातास त्या कामाचे घट्टे आहेत. मुख्याध्यापकांनीं पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसरीसाठीं आम्ही त्या वयस्क बाईंकडे गेलों व परीक्षक म्हणून येण्याची विनंति केली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, आणि विचारलें, “सर, जानेवारीत वेचा चालू राह्यते. त्या दिवसाची मजुरी कोन देईन ?”

शाळेच्या अंदाजपत्रकांत प्रमुख पाहुण्यांच्या हारास व नारळास तरतूद आहे. या मजुरीस नाहीं. तसा अर्ज आम्हीं सोमवारीं कार्यालयांत दिला आहे.